सोयाबीन–हरभरा पीकपद्धतीतील एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन

सोयाबीन–हरभरा पीकपद्धतीतील एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन म्हणजे खरिपात सोयाबीन आणि त्याच जमिनीत रब्बी हंगामात हरभरा घेताना सेंद्रिय खते, रासायनिक खते, जिवाणू खते आणि पिकांचे अवशेष यांचा एकमेकांना पूरक असा वापर करणे होय. ही पीकपद्धती महाराष्ट्रातील विदर्भ आणि मराठवाडा या विभागांत, तसेच मध्य प्रदेशातील माळवा पठारावर मोठ्या प्रमाणावर प्रचलित आहे. महाराष्ट्रात सोयाबीनखालील क्षेत्र ४० लाख हेक्टरांहून अधिक आहे.

ही दोन्ही पिके शिंबावर्गीय असून त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्यामुळे या पिकांना खताची फारशी गरज नसते, उलट ती जमिनीची सुपीकता वाढवतात, असा समज रूढ आहे. हा समज अंशतःच खरा आहे. जिवाणू केवळ नत्र पुरवतात. स्फुरद, पालाश, गंधक, जस्त आदी अन्नद्रव्ये पीक जमिनीतूनच घेते. शिवाय दाण्यांतून आणि कुटारातून शेताबाहेर जाणारे नत्र जिवाणूंनी स्थिर केलेल्या नत्रापेक्षा अधिक असू शकते. या पीकपद्धतीत सेंद्रिय व रासायनिक खतांची सांगड घालण्याची आवश्यकता मुख्यतः या दोन कारणांमुळे निर्माण होते.

पार्श्वभूमी

शेंगवर्गीय पिकानंतर घेतलेले धान्य चांगले येते, हा अनुभव प्राचीन आहे. मागील पिकाचा जमिनीवर व पुढील पिकावर होणारा परिणाम दर्शविण्यासाठी मराठीत ‘बेवड’ हा शब्द रूढ असून हरभऱ्याचा किंवा तुरीचा बेवड चांगला मानला जातो. या अनुभवामागील शास्त्रीय कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. हेर्मान हेलरीगेल आणि हेर्मान विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात शिंबावर्गीय वनस्पती मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र वापरतात हे दाखवून दिले. १८८८ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले.

खनिज खतांचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. युस्टुस फोन लीबिग यांनी १८४० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ‘किमान घटकाच्या नियमा’नुसार, पिकाचे उत्पादन सर्वांत कमी उपलब्ध असलेल्या अन्नद्रव्यावर अवलंबून असते, इतर अन्नद्रव्ये कितीही दिली तरी ती उणीव भरून निघत नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८४३ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगांत शेणखत व खनिज खते यांची दीर्घकालीन तुलना करण्यात आली. भारतात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात शेतातील काडीकचरा व शेण यांपासून खत तयार करण्याची पद्धत विकसित केली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

नत्र स्थिरीकरण आणि त्याच्या मर्यादा

सोयाबीनच्या मुळांवर प्रामुख्याने ब्रॅडीरायझोबियम, तर हरभऱ्याच्या मुळांवर मेसोरायझोबियम या प्रजातीचे जिवाणू गाठी तयार करतात. हे जिवाणू पिकानुसार भिन्न असल्यामुळे सोयाबीनचे जिवाणू संवर्धक हरभऱ्यास उपयोगी पडत नाही. गाठीतील नायट्रोजिनेज हे विकर हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करते. या विकराच्या रचनेत लोह व मॉलिब्डेनम असतात, आणि त्याच्या क्रियेस मोठ्या प्रमाणावर ऊर्जा लागते. ही ऊर्जा एटीपी या स्फुरदयुक्त संयुगाच्या रूपात खर्च होते. म्हणून जमिनीत स्फुरदाची कमतरता असल्यास पिकाची वाढ तर मंदावतेच, पण गाठींची संख्या व कार्यक्षमता घटून नत्रपुरवठाही कमी होतो.

पेरणीनंतर गाठी तयार होऊन कार्यक्षम होण्यास साधारणतः तीन ते चार आठवडे लागतात. तोपर्यंत रोप बियाण्यातील साठ्यावर व जमिनीतील नत्रावर वाढते. यासाठी पेरणीच्या वेळी नत्राची अल्प मात्रा देण्यात येते. मात्र जमिनीत नायट्रेटचे प्रमाण जास्त झाल्यास गाठी कमी तयार होतात. त्यामुळे युरियाची मोठी मात्रा दिल्यास पीक हिरवेगार दिसत असले, तरी हवेतून विनामूल्य मिळणाऱ्या नत्राच्या जागी विकतचे नत्र वापरले जाते.

नत्राचा ताळेबंद

जिवाणूंनी स्थिर केलेले सर्व नत्र जमिनीत शिल्लक राहत नाही. त्यातील बराचसा भाग दाण्यांतील प्रथिनांत साठतो. पुढील हिशोब उदाहरणादाखल असून त्यात मुळांतील नत्र धरलेले नाही.

सोयाबीन: हेक्टरी २,००० किलो उत्पादन व दाण्यांत ४० टक्के प्रथिने धरल्यास दाण्यांत सुमारे १२८ किलो नत्र असते. पिकाच्या जमिनीवरील भागातील एकूण नत्रापैकी ८० टक्के दाण्यांत गेले असे मानल्यास एकूण नत्र १६० किलो होते. त्यातील ६० टक्के, म्हणजे ९६ किलो, हवेतून आल्यास उरलेले ६४ किलो जमिनीतून घेतले जाते. पाला व कुटार शेतातच राहिल्यास जमिनीतील नत्र ३२ किलोंनी घटते. तेही बाहेर गेल्यास घट ६४ किलोंची होते.

हरभरा: हेक्टरी १,५०० किलो उत्पादन व २० टक्के प्रथिने धरल्यास दाण्यांत ४८ किलो नत्र असते. हे एकूण नत्राच्या ७५ टक्के मानल्यास एकूण नत्र ६४ किलो होते. त्यातील ७० टक्के, म्हणजे सुमारे ४५ किलो, हवेतून मिळते. अवशेष शेतात राहिल्यास हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. ते बाहेर नेल्यास सुमारे १९ किलोंची तूट येते.

मुळांतील व गाठींतील नत्र विचारात घेतल्यास हे चित्र काहीसे सुधारते. तसेच सोयाबीनची बरीचशी पाने पक्वतेच्या वेळी गळून शेतातच पडतात. तरीही दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, सोयाबीनसारखे प्रथिनसमृद्ध पीक जमिनीत नत्राची भर घालेलच असे नाही. दोन, ताळेबंद तुटीचा किती होतो, हे बहुतांशी पिकाच्या अवशेषांचे काय केले जाते यावर ठरते. पुढील पिकास मिळणारा लाभ पुष्कळदा मागील पिकाने जमिनीतील नायट्रेट कमी वापरल्याने आणि पालापाचोळा लवकर कुजल्यानेही मिळतो. तो नत्राचा साठा वाढल्याचा पुरावा ठरत नाही.

इतर अन्नद्रव्यांना हवेतील साठ्याचा आधार नाही. सोयाबीनच्या २,००० किलो दाण्यांबरोबर अंदाजे २५ ते ३० किलो स्फुरद आणि ४० किलोंच्या आसपास पालाश शेताबाहेर जाते. ही भरपाई केवळ खतांतूनच होऊ शकते.

काळ्या जमिनीचे वैशिष्ट्य

विदर्भ व मराठवाड्यातील काळ्या जमिनी दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या आहेत. त्यांत फुगणाऱ्या व आकसणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण जास्त असते, सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ असतो आणि अनेक ठिकाणी चुनखडी आढळते. अशा जमिनीत दिलेल्या विद्राव्य स्फुरदाचे कॅल्शियमशी संयोग होऊन कमी विद्राव्य क्षार तयार होतात. त्यामुळे दिलेल्या स्फुरदापैकी साधारणतः १५ ते २५ टक्केच पहिल्या पिकास मिळते. उरलेला भाग वाया जात नाही. तो जमिनीत राहून पुढील पिकांना हळूहळू उपलब्ध होतो. चुनखडीयुक्त जमिनीत जस्त व लोह यांचीही उपलब्धता घटते. पावसाचे पाणी साचल्यास अशा शेतात सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे.

सेंद्रिय पदार्थ कुजताना निर्माण होणारी आम्ले व कार्बन डायऑक्साइड स्थिर झालेले स्फुरद काही प्रमाणात विरघळवतात, तसेच जस्त व लोह यांना उपलब्ध स्वरूपात धरून ठेवतात. सेंद्रिय कर्बामुळे मातीच्या कणांची रचना सुधारते, पाणी मुरते आणि मुळांना हवा मिळते. गाठींतील जिवाणूंना हवेतील नत्र व प्राणवायू दोन्ही जमिनीतूनच मिळत असल्याने हवेशीर जमीन या पिकांसाठी विशेष महत्त्वाची असते.

केवळ एकाच प्रकारच्या खताच्या मर्यादा

चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणतः ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद व ०.५ टक्के पालाश असते. हेक्टरी ६० किलो स्फुरद केवळ शेणखतातून द्यायचे झाल्यास ३० टन शेणखत लागेल. जनावरांची संख्या घटलेल्या गावांत कोरडवाहू शेतकऱ्यास दरवर्षी एवढे खत मिळणे अवघड असते. शिवाय त्यातून १५० किलो नत्र जमिनीत जाईल, जे शेंगवर्गीय पिकाच्या गरजेशी जुळत नाही. शेणखतातील नत्रापैकी सुमारे एकतृतीयांश भागच पहिल्या हंगामात उपलब्ध होतो. त्यामुळे पिकाच्या सुरुवातीच्या गरजेस ते वेळेवर पुरत नाही.

याउलट केवळ रासायनिक खते वापरल्यास मोजकीच अन्नद्रव्ये मिळतात. डीएपीमध्ये नत्र १८ टक्के व स्फुरद ४६ टक्के असते, परंतु गंधक नसते. पूर्वी प्रचलित असलेल्या सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधक व कॅल्शियमही मिळत असे. सोयाबीन हे तेलबियांत गणले जाणारे पीक असल्याने तेल व प्रथिने या दोहोंच्या निर्मितीसाठी त्यास गंधकाची गरज असते. डीएपीचा वापर वाढल्यानंतर गंधकाचा हा अप्रत्यक्ष पुरवठा कमी झाला.

खतांच्या किमतींचाही या असमतोलावर परिणाम होतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या पोषणमूल्याधारित अनुदान धोरणात स्फुरद व पालाशयुक्त खतांचा समावेश झाला. युरिया मात्र त्याबाहेर राहिला व त्याची किंमत नियंत्रित राहिली. परिणामी शेंगवर्गीय पिकांना ज्याची गरज सर्वांत कमी, ते नत्रयुक्त खतच सर्वांत स्वस्त ठरते.

दीर्घकालीन प्रयोगांतील निष्कर्ष

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित दीर्घकालीन खत प्रयोग प्रकल्प सुरू केला. त्यात एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे त्याच खत मात्रा देऊन पीक व जमीन यांतील बदल नोंदवले जातात. शिंबावर्गीय पीक समाविष्ट असलेल्या फेरपालटीच्या दृष्टीने जबलपूर व रांची येथील प्रयोग महत्त्वाचे आहेत. दोन्ही ठिकाणी १९७२ पासून सोयाबीन–गहू ही पीकपद्धती अभ्यासली जात आहे.

जबलपूरची जमीन विदर्भातील जमिनीप्रमाणे काळी आहे. तेथे केवळ नत्र दिलेल्या वाफ्यांतील उत्पादन स्फुरदाअभावी कमी राहिले, तर नत्र, स्फुरद, पालाश यांची पूर्ण मात्रा अधिक शेणखत दिलेल्या वाफ्यांत उत्पादन व सेंद्रिय कर्ब दोन्ही सर्वाधिक राहिले. रांचीची जमीन तांबडी व आम्लधर्मी आहे. तेथे सातत्याने केवळ नत्रयुक्त खत दिल्याने आम्लता वाढून उत्पादन अत्यंत घटले. चुना किंवा शेणखत यांची जोड दिलेल्या वाफ्यांत ते टिकून राहिले. महाराष्ट्रात परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात २००६ पासून सोयाबीन–करडई पीकपद्धतीवर असा प्रयोग चालू आहे.

या प्रयोगांतून निघणारा सामान्य निष्कर्ष असा की, शेणखताचे महत्त्व त्यातील नत्र, स्फुरद व पालाश यांच्या किलोंपुरते मर्यादित नाही. संतुलित रासायनिक मात्रेस त्याची जोड मिळाल्यास दिलेल्या खताचा उपयोग वाढतो आणि उत्पादनातील सातत्य टिकते.

व्यवस्थापनाचे घटक

सेंद्रिय खते: सोयाबीनच्या पेरणीपूर्वी शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी हेक्टरी सुमारे ५ टन, म्हणजे अंदाजे १० बैलगाड्या, चांगले कुजलेले शेणखत पसरून मिसळले जाते. यातून सुमारे २५ किलो नत्र, १० किलो स्फुरद व २५ किलो पालाश मिळते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तणांचे बी, हुमणी व वाळवी यांचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता असते. शेणखत अपुरे असल्यास गांडूळ खत, कंपोस्ट, तसेच बांधावरील गिरिपुष्पाचा पाला यांचा वापर करता येतो.

जिवाणू खते: पेरणीपूर्वी बियाण्यास पिकानुसार योग्य रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावले जातात. बुरशीनाशक व कीटकनाशक वापरायचे असल्यास प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक व शेवटी जिवाणू संवर्धक असा क्रम पाळला जातो. प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून लवकर पेरतात. जिवाणू खते रासायनिक खतांत मिसळल्यास जिवाणू मरतात.

रासायनिक खते: मराठवाड्यात सोयाबीनसाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश व २० किलो गंधक, तर हरभऱ्यासाठी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ३० किलो पालाश अशी मात्रा सामान्यतः शिफारशीत आढळते. विभाग व जमिनीनुसार शिफारशी वेगळ्या असतात. सोयाबीनची वरील मात्रा सुमारे ६५ किलो युरिया, ३७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट व ५० किलो म्युरेट ऑफ पोटॅश यांतून मिळते; सुपर फॉस्फेटमुळे गंधकाची गरजही भागते. डीएपी वापरल्यास सुमारे १३० किलोंतून सर्व स्फुरद व २३ किलो नत्र मिळते, परंतु गंधक वेगळे द्यावे लागते. माती परीक्षणानुसार व दिलेल्या सेंद्रिय खताच्या प्रमाणात रासायनिक मात्रा कमी करता येते.

खत देण्याची पद्धत: स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही. म्हणून ते फेकून न देता दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली किंवा बाजूस ओलसर मातीत पेरून देणे परिणामकारक ठरते. कोरडवाहू हरभऱ्यास फुलोऱ्यात जमिनीत ओल कमी असताना दोन टक्के युरियाची फवारणी उपयुक्त ठरते.

पीक अवशेष: कुटार जाळल्यास त्यातील नत्र व गंधकाचा मोठा भाग हवेत निघून जातो. ते जनावरांना चारल्यास शेणखताच्या रूपाने परत येऊ शकते, मात्र त्यासाठी शेण उकिरड्यावर उघडे न ठेवता खड्ड्यात झाकून कुजवावे लागते. कर्ब व नत्र यांचे गुणोत्तर ३० पेक्षा अधिक असलेले काड कुजताना जमिनीतील नत्र तात्पुरते अडकते. गव्हाच्या काडाबाबत ही अडचण अधिक जाणवते. शिंबावर्गीय पिकांचा हिरवा पाला तुलनेने लवकर कुजतो.

फेरपालटीतील परिणाम

दोन पिकांचा एकत्रित विचार हे या व्यवस्थापनाचे वैशिष्ट्य आहे. खरिपात दिलेले शेणखत सोयाबीनच्या काळात पूर्ण कुजत नाही. त्याचा उर्वरित लाभ हरभऱ्यास मिळतो. सोयाबीनला दिलेल्या स्फुरदाचा न वापरलेला भागही हरभऱ्याच्या उपयोगी पडतो. हरभऱ्याची मुळे सेंद्रिय आम्ले स्रवतात व कॅल्शियमशी बांधलेले स्फुरद काही अंशी विरघळवून घेतात. सेंद्रिय कर्ब वाढल्याने काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल अधिक काळ टिकते, आणि त्या ओलीवरच कोरडवाहू हरभऱ्याचे उत्पादन अवलंबून असते.

परिणामकारकतेची तपासणी

पीक फुलोऱ्यात असताना, सोयाबीनमध्ये साधारणतः पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, काही झाडे मुळांसकट अलगद खणून गाठी तपासता येतात. गाठ कापल्यावर आतील भाग गुलाबी किंवा लालसर असल्यास ती कार्यक्षम असते. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. आतून पांढऱ्या गाठी अपक्व किंवा अकार्यक्षम, तर हिरवट वा तपकिरी गाठी कार्य संपलेल्या असतात. गाठींची संख्या भरपूर असूनही त्या पांढऱ्या असल्यास योग्य जिवाणूंचा अभाव किंवा अन्नद्रव्यांची कमतरता संभवते.

जमिनीतील दीर्घकालीन बदल माती परीक्षणातून कळतात. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब यांसह एकूण १२ घटक तपासले जातात. एकाच शेताचे काही वर्षांच्या अंतराने केलेले परीक्षण तुलनेसाठी अधिक उपयुक्त ठरते.

मर्यादा

सोयाबीन व हरभरा ही दोन्ही पिके शिंबावर्गीय असल्याने त्याच जमिनीत ती वर्षानुवर्षे घेणे ही परिपूर्ण फेरपालट मानली जात नाही. मूळकूज व मर यांसारख्या जमिनीतून पसरणाऱ्या रोगांचा धोका वाढतो आणि खताची कोणतीही मात्रा त्यास पर्याय ठरत नाही. म्हणून काही वर्षांच्या अंतराने ज्वारी, गहू, मका किंवा करडई यांसारखे भिन्न कुळातील पीक घेण्याचा सल्ला दिला जातो. अशा पिकास शेंगवर्गीय पिकांच्या बेवडाचा लाभ मिळतो, आणि ज्वारीसारख्या पिकाची मुळे व धसकटे जमिनीतील सेंद्रिय कर्बात भर घालतात.

सेंद्रिय खतांतील अन्नद्रव्यांचे प्रमाण कच्चा माल व साठवणुकीनुसार बदलते. त्यामुळे वर दिलेली प्रमाणे सरासरी स्वरूपाची आहेत. पावसाचा मोठा खंड पडल्यास किंवा पाणी साचल्यास खत व गाठी या दोहोंचीही कार्यक्षमता घटते. निचरा, वेळेवर पेरणी व वापसा पाहून केलेली मशागत या गोष्टी अन्नद्रव्य व्यवस्थापनाइतक्याच निर्णायक असतात.